देवराई व तिच्या इतिहासाचीं साधनें

सह्याद्रीच्या घाटवाटांनीं कोंकणांत उतरतांना किंवा माथ्यावरच्या मावळांतून हिंडतांना एक गोष्ट प्रवाशाच्या दृष्टीस पडल्याशिवाय राहत नाहीं. सभोंवारचा डोंगर उघडाबोडका, जागोजाग फांद्या उतरल्यामुळें सोटासारखीं उभीं राहिलेलीं झाडें, आणि त्यांतच मध्यें एखादा दोन-चार एकरांचा दाट, काळपट हिरवा तुकडा. आंत शिरावें तर ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, सातवीण यांचे जुनाट वृक्ष, त्यांवर चढलेल्या जाड वेली, खालीं कुजणाऱ्या पानांचा थर, आणि कोठेंतरी छप्पर नसलेल्या चौथऱ्यावर शेंदूर फांसलेला एखादा तांदळा. वाघजाई, काळकाई, सोमजाई, भैरी, वेताळ, म्हसोबा यांपैकीं कोणाची तरी ही जागा असते. कोंकणांत हिला देवराई किंवा देवरहाटी म्हणतात, गोव्यांत देवराण म्हणतात, इतरत्र नुसतें देवाचें बन म्हणूनही चालतें. नियम बहुतेक ठिकाणीं एकच : येथील झाड तोडावयाचें नाहीं, कित्येक ठिकाणीं तर वाळून पडलेली काटकीही उचलावयाची नाहीं.

ह्या रायांविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिलें आहे. श्री. माधव गाडगीळ व श्री. वा. द. वर्तक यांनीं इ. स. १९७० नंतरच्या दशकांत गांवोगांव फिरून त्यांची पाहणी केली, आणि इ. स. १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादींत महाराष्ट्रांतील दोनशेंहून अधिक रायांची नोंद आहे. पुढील पाहण्यांत ही संख्या कित्येक पटींनीं वाढली. इतिहाससंशोधकांनीं मात्र हा विषय फारसा हातीं घेतलेला नाहीं, व त्याचें कारण साधनांचा अभाव असें सांगण्यांत येतें. आमच्या मतें हा अभाव हेंच येथें पहिलें साधन समजून वाचलें पाहिजे. विधान चमत्कारिक वाटण्याचा संभव असल्यामुळें तें थोडें विस्तारानें मांडतों.

आपल्या दफ्तरखान्यांतील कागद बहुतांशीं वसुलाचे, हक्काचे किंवा तंट्याचे आहेत. जमिनीचें नांव कागदावर येतें तें तिजपासून कांहीं तरी निघतें म्हणून. जिराईत, बागायत, आंबराई, सरकारी घोड्यांचें कुरण, हीं सर्व हिशेबांत सांपडतात. देवस्थानच्या इनाम जमिनी सांपडतात, कारण त्यांच्या उत्पन्नांतून दिवाबत्ती, नैवेद्य व गुरवाचा निर्वाह चालावयाचा असतो. उत्पन्नावर कोणी हक्क सांगेल म्हणून सनद करून ठेवावी लागते. इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें तेव्हां ज्याच्या त्याच्या घरांतील सनदा बाहेर निघाल्या, व आजचा संशोधक त्या गोळा झालेल्या कागदांवर पुष्कळ अंशीं अवलंबून असतो. परंतु राईपासून वसूल नव्हता. तिजवर हक्क सांगून कोणाचें पोट भरणार नव्हतें. जी जमीन कांहीं देत नाहीं, तिची सनद कोण मागणार व कोण देणार? राई गांवच्या तोंडीं राहिली, कागदावर चढली नाहीं. पुढें इ. स. १८६५ व १८७८ चे जंगलचे कायदे झाले, आणि सर्व्हेच्या तक्त्यांत सरकारी रान कोणतें व खासगी कोणतें हें लिहिण्याची वेळ आली, तेव्हां देवीच्या नांवाचा रकाना त्यांत नव्हता. पुष्कळ राया अशा रीतीनें सरकारी रानांत जमा झाल्या. इ. स. १८६४ पासून हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे मुख्य असलेले ब्रँडिस यांच्या मात्र ही गोष्ट नजरेंतून सुटली नाहीं. त्यांनीं देशाच्या निरनिराळ्या भागांतील अशा रानांची आवर्जून नोंद केली आहे. कुर्गांतील देवरकाडु व खासी टेकड्यांतील रानें हीं त्यांच्याच लेखनामुळें पुष्कळांस ठाऊक झालीं.

झाडांविषयीं स्पष्ट बोलणारा आपल्याकडील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांची आज्ञापत्रें. हा ग्रंथ इ. स. १७१५ च्या सुमाराचा असून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवानें लिहिलेला आहे. त्यांतील उतारा हल्लीं ‘शिवाजीमहाराजांचें आज्ञापत्र’ म्हणून छापण्याची चाल पडली आहे, ती सोडून दिली तर बरें. अमात्यांनीं थोरल्या महाराजांची रीत सांगितली आहे हें खरें. पण शब्द अमात्यांचे आहेत, आणि शब्द कोणाचे हें संशोधकानें विसरूं नये. प्रकरण आरमाराचें आहे. जहाजांस तक्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. सागवानादि रानचे वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावे, अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. परंतु आंबे, फणस इत्यादि झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये, असा तेथें हुकूम आहे. कारणें तीन दिलीं आहेत. तीं वर्षा-दोन वर्षांत होणारीं नव्हेत. रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं आहेत, त्यांवर कुऱ्हाड पडली असतां तिच्या दुःखास पार राहत नाहीं. आणि झाडें गेल्यानें हानिही होते. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें. जबरदस्ती करूं नये.

या उताऱ्याचें कौतुक नेहमीं होतें. त्यांतील हिशेब मात्र कोणी उलगडून दाखवीत नाहीं. लांकडाची किंमत देतां येते व ती देण्याची तजवीजही अमात्यांनीं केली आहे. पण ती जीर्ण झाडापुरती. उभ्या, जोमदार झाडाच्या बाबतींत रयतेचें दुःख पैशानें भरून निघेल असें अमात्य समजत नाहींत. तेथें सौद्याची गोष्टच ते काढीत नाहींत. फळाच्या उत्पन्नापलीकडचें कांहीं तरी त्या झाडांत आहे, हें एका राज्यकारभारी पुरुषानें, आणि तेंही आरमाराची निकड डोळ्यांपुढें असतांना, मान्य केलेलें आहे. तथापि हीं झाडें लावलेलीं व धन्याचीं आहेत. ज्या रानाला धनी नाहीं, जें कोणीं लावलें नाहीं, त्याविषयीं हा कागद आपणांस फारसें सांगत नाहीं.

अशा रानाच्या मोलाचा प्रश्न अर्थशास्त्रानें अगदीं अलीकडे हातीं घेतला. इ. स. १९६७ मध्यें जॉन क्रुटिला या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें एका छोट्या निबंधांत असें मांडलें कीं, कित्येकांस रान कोठें तरी आहे एवढ्या जाणिवेनेंच समाधान वाटतें, मग त्या रानांत प्रत्यक्ष जाण्याच्या कल्पनेनें त्यांच्या अंगावर कांटा कां येईना. या समाधानाला पुढें ‘अस्तित्वमूल्य’ असें नांव मिळालें. ही केवळ पंडितांची कल्पना न राहतां तिचा उपयोग कोर्टाच्या दारापर्यंत गेला तो इ. स. १९८९ च्या मार्च महिन्यांत. अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डिज’ नांवाचें जहाज खडकावर चढून सुमारें १ कोटि १० लक्ष गॅलन तेल समुद्रांत सांडलें. मासेमारी करणाऱ्यांचें नुकसान मोजतां येत होतें. पण जे अमेरिकन कधींही अलास्कास गेले नव्हते व जाणारही नव्हते, त्यांचें कांहीं नुकसान झालें कीं नाहीं? असा अपघात पुन्हां होऊं नये म्हणून तुम्ही किती कर द्याल, असें घरोघर विचारण्यांत आलें. उत्तरांचा मध्य घरटीं सुमारें ३१ डॉलर निघाला आणि सर्व देशाचा मिळून हिशेब २८० कोटि डॉलर झाला. ही रीत भरंवशाची आहे काय हें ठरविण्यासाठीं ॲरो व सोलो या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालीं मंडळ बसलें, त्यानें इ. स. १९९३ मध्यें, कडक अटी घालून, ती विचारांत घेण्याजोगी ठरविली. आक्षेप अर्थात् उघड आहे. तोंडानें ३१ डॉलर सांगणें वेगळें व खिशांतून काढून देणें वेगळें.

हा विचार अगदींच नवा आहे असें मात्र नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यानंतर, अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची मोठी यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघुळें, कासवें, साळिंदर, गेंडा, पांढरीं कबुतरें अशीं नांवें सांगून अखेरीस जीं चतुष्पाद जनावरें उपभोगास येत नाहींत व खाल्लीं जात नाहींत, तीं सर्व अवध्य असें म्हटलें आहे. त्याच लेखांत निष्कारण किंवा जीवहत्येसाठीं रान जाळूं नये अशीही आज्ञा आहे. उपयोग नाहीं म्हणून रक्षण, असा शब्दशः अर्थ लावून या वाक्यावर मोठा इमला उभारण्याचा मोह होतो. परंतु ज्याचा उपयोग नाहीं त्याला मारण्याचेंही कारण नाहीं, एवढाच व्यावहारिक अर्थही त्यांत बसतो, व आम्हांस तोच अधिक संभवनीय वाटतो. कारण उपयोगी जनावरांच्या वधास राजानें सरसकट बंदी केलेली नाहीं. तेथें दिवस व प्रकार यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे राजानें ज्याचा त्याग फारसा कठीण नव्हता, तेंच संपूर्ण वाचविलें.

त्यागाची ही कसोटी देवराईस लावून पाहिली म्हणजे विषयाचें खरें स्वरूप दिसूं लागतें. अलास्कासंबंधीं लोकांस विचारावें लागलें. सह्याद्रींतील शेतकऱ्यांस कोणीं विचारलें नाहीं, पण त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या काय सोडून दिलें हें मात्र समजण्यासारखें आहे, आणि त्याचें मोजमाप राबावरून होतें. कोंकणांत व मावळांत भाताचें रोप करण्यापूर्वीं वाफ्याची जमीन भाजतात. शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर पसरून वर माती टाकावयाची व उन्हाळ्यांत तें पेटवून द्यावयाचें. याला राब म्हणतात. राखेनें रोपाला जोर येतो, तणाचें बीं जळून जातें, आणि राबाशिवाय रोप धरत नाहीं अशी शेतकऱ्याची पक्की समजूत. एका वाफ्यास फांद्यांच्या किती मोळ्या लागतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला भोंवतालचे ऐन व किंजळ सोटासारखे कां दिसतात याचें कारण निराळें सांगावयास नको. जंगलच्या कायद्यांनीं या तोडीस अटकाव केला तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला कीं इ. स. १८८५ मध्यें मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें; त्याचा रिपोर्ट इ. स. १८८७ मध्यें निघाला, व राब हा त्यांतील एक मुख्य वादविषय होता.

आतां हीं दोन चित्रें शेजारीं ठेवावीं. एकीकडे राबाच्या फांदीसाठीं सरकारशीं भांडणारा, दंड सोसणारा, मैल-मैल डोक्यावरून मोळी आणणारा शेतकरी. दुसरीकडे त्याच्याच वाफ्यापासून हांकेच्या अंतरावर उभी असलेली, पानांनीं भरलेली, फांदी न उतरलेली राई. तिच्यांतील पालापाचोळा फुकट कुजत आहे. शिपाई नाहीं, कुंपण नाहीं. मुंबईची कोळशाची व जळणाची मागणी वाढली, रेल्वे घाट चढून वर गेली, लांकडाला रोकड पैसा येऊं लागला, तरीही पुष्कळ राया तशाच राहिल्या. दर उन्हाळ्यांत त्या गांवानें न तोडलेल्या फांद्यांची किंमत भरली असेंच म्हटलें पाहिजे. आणि ती किंमत सुखवस्तु माणसानें सवडीनें सांगितलेल्या आंकड्यासारखी नसून उपाशी वर्षीं सुद्धां भरलेली आहे. आमच्या मतें देवराईच्या इतिहासाचें सर्वांत भक्कम साधन हेंच होय, आणि तें दफ्तरांत नसून डोंगरावर उभें आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो कीं हें सर्व भीतीनें झालें. देवी कोपेल, वाघ येईल, घरांत दुखणें येईल, म्हणून कोणीं फांदी तोडली नाहीं. यांत रानाविषयीं आस्था कोठें आली? भीति होती यांत शंका नाहीं. परंतु भीति हा पहारेकरी आहे. पहारा त्याच जागीं कां बसविला हा प्रश्न शिल्लकच राहतो. शिवाय ही भीति आंधळी नव्हती. राईंतील झाड घ्यावयाचें असल्यास दक्षिण कोंकणांत देवीस कौल लावतात. गुरव मूर्तीवर तांदूळ किंवा फुलें चिकटवितो, आणि उजवी-डावी कळी कोणती पडते त्यावरून होकार-नकार ठरतो. गांवाच्या निकडीस होकार येई, एकट्यादुकट्याच्या लोभास येत नसे. कौल गांवासमोर लागतो, ही त्यांतली मुख्य गोष्ट. देवीला विचारणें म्हणजे चार माणसांदेखत विचारणें होतें, आणि पुष्कळांचा लोभ तेवढ्यानेंच थंड होत असला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. राई निरुपयोगी नव्हतीच. तिच्यामुळें झरे वाहतात, औषधी मिळतात, तेव्हां हें रक्षण शुद्ध स्वार्थाचें होय. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवची हकीकत या आक्षेपास बळकटी देते. गाडगीळ-वर्तकांची पाहणी चालू असतां, आपली राई तोडीस निघाली आहे, ती वाचवावी, अशी विनंती त्या गांवच्या लोकांनीं त्यांस केली. आणि कारण देवीच्या कोपाचें न सांगतां ओढ्याच्या पाण्याचें सांगितलें. यावरून लोकांस पाण्याचा संबंध ठाऊक होता हें सिद्ध होतें, व त्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. पण आमच्या समजुतीनें यांत एक खोंच आहे. जंगलखात्याशीं बोलावयाचें तर खात्याच्या भाषेंत बोललें पाहिजे, हें खेड्यांतील माणसास चांगलें समजतें. उपयोग सांगितला तर ऐकून घेतील, देवी सांगितली तर हंसतील. कागदावर उपयोगच उतरतो याचें हें आणखी एक उदाहरण. मग तो कागद पेशवाईंतला असो कीं विसाव्या शतकांतला.

कै. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं इ. स. १९६२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मातृदेवतांच्या जागा व त्यांचीं बनें हीं नांगरापूर्वींच्या, शिकारी व कंदमुळें गोळा करणाऱ्या समाजाचे अवशेष मानलीं आहेत. छपराखालीं न राहणाऱ्या देवतांची परंपरा पाहतां हें मत आम्हांस पटतें. तसें असेल तर राईचें मूळ भातशेतीच्याही अगोदरचें ठरतें, आणि पाण्याचा उपयोग हा नंतर सांपडलेला लाभ असावा, मूळ हेतु नसावा.

गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत बांबर गांवीं एक राई आहे, तिचें नांवच निरंकाराची राई. तेथील दलदलींत रामपत्रीच्या कुळांतील झाडें असून त्यांचीं मुळें गुडघ्यासारखीं वांकून चिखलावर येतात. असल्या दलदली त्रावणकोरच्या रानांत इ. स. १९६० मध्यें प्रथम वर्णिल्या गेल्या. गोव्यांतील त्याहून कितीतरी नंतर उजेडांत आल्या, आणि उत्तरेकडे, सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत बांबर्डे येथें, इ. स. २०१८ मध्यें अशाच एका राईची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत झाली. शास्त्राला जें ठाऊक नव्हतें तें गांवांनीं राखून ठेविलें. त्यांना झाडाच्या दुर्मिळपणाची माहिती होती असें आम्ही म्हणत नाहीं. तें झाड तेथें आहे, देवाचें आहे, आणि असूं द्यावें, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. आणि तेवढें पुरलें.

आतां तेवढें पुरत नाहीं, ही गोष्ट लिहिण्यास जड जाते. गेल्या पन्नास वर्षांत ज्या राया गेल्या, त्यांतील पुष्कळ देवीवरची श्रद्धा उडाल्यामुळें गेल्या नाहींत. श्रद्धेला पैसा मिळाल्यामुळें गेल्या. मुंबईस गेलेला चाकरमानी गांवच्या देवीसाठीं वर्गणी पाठवितो. तांदळ्याच्या जागीं संगमरवरी मूर्ति येते, चौथऱ्यावर स्लॅब पडतो, सभामंडप होतो, गाडी दारापर्यंत यावी म्हणून रस्ता होतो. आणि कमी पडलेल्या रकमेसाठीं राईंतील जुनीं झाडें व्यापाऱ्यास दिलीं जातात. यालाच जीर्णोद्धार म्हणतात. ज्या देवीला छप्पर खपत नव्हतें तिला छप्पर मिळालें व तिचें घर गेलें. पूर्वीं न तोडणें हीच पूजा होती. आतां पूजा म्हणजे बांधणें. बांधकामाची पावती निघते, वर्गणीदारांचीं नांवें दगडावर कोरतां येतात. न तोडलेल्या फांदीची पावती कोणीं दिली नाहीं.

राजस्थानांतील ओरण रानांसंबंधीं दि. १८ डिसेंबर १९२४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, दि. १८ डिसेंबर २०२४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें त्यांची मोजणी व नोंद करून त्यांस रानाचें कायदेशीर संरक्षण द्यावें असा निर्णय दिला. आपल्याकडेही अशी नोंद व्हावयाची असेल तर राई केव्हांपासून आहे व कोठवर होती, हें गांवांस दाखवावें लागेल; आणि येथें आमच्या वाचकांची मदत हवी आहे. राईची सनद मिळणार नाहीं, ती शोधण्यांत श्रम घालवूं नयेत. शोधावयाचें तें हद्दीच्या महजरांत, कारण दोन गांवांची शींव सांगतांना साक्षीदार झाडांचीं व देवांचीं नांवें घेतात. गुरवकीच्या वतनी तंट्यांत, जेथें देवाच्या जागेचें वर्णन ओघानें येतें. आणि सर्व्हेच्या पहिल्या नकाशांच्या शेऱ्यांत. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल, निदान राईचा उल्लेख असलेल्या ओळी, गांव व तालुका यांच्या नांवांसह आमच्याकडे पाठवाव्या. कागद मूळ धन्यापाशींच राहील.